शिवणीतली माया

आई गेल्याला दोन महिने झाले होते. गावच्या हायस्कुलात गेले तेव्हा कचेरीत हेडक्लार्क एकटेच बसले होते. "आईच्या नावानं शाळेला काहीतरी द्यायचं आहे," एवढंच मी म्हणाले. ते उठले, मागच्या कपाटातून कापडी बांधणीचं एक लांबट रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं. वर लाल शाईत लिहिलेलं होतं : 'स्मृती पारितोषिके व ठेवी'.

पहिली नोंद १९७१ची. कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ ५०१ रुपयांची ठेव; व्याजातून आठवीत संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास बक्षीस. त्याखाली कुणाची पत्नी, कुणाचा ऐन तारुण्यात गेलेला मुलगा, कुणाचे गुरुजी. पन्नासेक नावं असतील. शेवटच्या रकान्यात बहुतेकांपुढे पेन्सिलीनं एकच शेरा होता : 'व्याज पुरत नाही. फक्त प्रमाणपत्र देणे.'

"ताई, माणसं फार मायेनं देतात हो," हेडक्लार्क म्हणाले, "पण पुढचं कुणी लिहून ठेवत नाही."

हा लेख त्या 'पुढच्या'विषयी आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं दान द्यावं ही इच्छा आपल्याकडे घरोघरी असते. तेराव्याला कुणीतरी म्हणतंच, "त्यांच्या नावानं काहीतरी करायला हवं." ते 'काहीतरी' दहा-वीस वर्षं चालावं म्हणून काय काय करावं लागतं, हे मी आईच्या निमित्तानं एकेक पायरी चढत शिकले. आधी बाबांच्या वेळी आम्ही चुकलो होतो, ते सांगते. बाबा गेले तेव्हा पंधराव्या दिवशीच आम्ही एका संस्थेला रोख रक्कम दिली. 'गरजू मुलांसाठी' असं तोंडी सांगितलं आणि पावती न वाचता घडी करून खिशात ठेवली. पावतीवर नुसतं 'देणगी' लिहिलेलं होतं. पुढे कळलं की ते पैसे कुंपणाच्या भिंतीला लागले. संस्थेनं लबाडी केली असं मी म्हणणार नाही. साधी देणगी म्हणून आलेला पैसा संस्था आपल्या उद्दिष्टांत बसेल त्या कामाला वापरू शकते. आमच्या मनात काय होतं ते कागदावर नव्हतं, इतकंच.

म्हणून पहिली गोष्ट : घाई करू नये. तेराव्याच्या आत काही झालंच पाहिजे असा नियम नाही. वर्षश्राद्धापर्यंत वेळ घेतला तरी गेलेल्या माणसाचं काही अडत नाही, उलट आपलं डोकं ताळ्यावर येतं. शिवाय पैसे कुणाचे हेही आधी पाहावं लागतं. गेलेल्याच्या बँक खात्यातून द्यायचे असतील, तर ती रक्कम सगळ्या वारसांची असते. खात्यावर नॉमिनी म्हणून ज्याचं नाव आहे, त्याच्या हाती बँक पैसे देते. पण तो ते वारसांच्या वतीनं सांभाळत असतो, मालक होत नाही. त्यामुळे मोठ्या भावानं परस्पर देऊन टाकणं आणि धाकटीनं वर्षभर मनात अढी धरणं, हे टाळायचं असेल तर सगळ्यांची संमती आधी घ्यावी, आणि ती लेखी असावी. आम्ही तिघा भावंडांनी आईच्या खात्याला हातच लावला नाही. आपापल्या कमाईतून घातले आणि मिळून दोन लाख जमवले.

दुसरा प्रश्न, कशासाठी. मला वाटतं याचं उत्तर गेलेल्या माणसाच्या आयुष्यातच शोधावं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं न्यास स्थापन केला आणि त्याचं काम ठरवलं ते त्याच रोगावरच्या संशोधनाला मदत करण्याचं. ज्या दुखण्यानं आपलं माणूस नेलं त्याच्याशीच झगडायचं, हा त्यातला विचार मला फार जवळचा वाटतो. एवढा पैसा आपल्याकडे नसतो, पण विचार करायची रीत तीच ठेवता येते.

आई शिवणकाम करायची. गावातल्या हायस्कुलाचे गणवेश जवळजवळ तीस वर्षं तिच्या मशीनवर शिवून झाले. तिचा शिवणाचा डबा आवरताना मापांच्या वह्या हाताला लागल्या. शंभर पानी, कोपरे दुमडलेल्या. प्रत्येक पानावर मुलीचं नाव, त्यापुढे उंची, छाती, कंबर, बाही. काही नावांपुढे पेन्सिलीनं एक बारीक गोल काढलेला. हा गोल कशाचा, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितलं : "ज्यांच्याकडं पैसे मागायचे नाहीत ना, त्यांच्यापुढं ती गोल काढायची." एका जूनमधल्या पानांवर मी अकरा गोल मोजले.

त्याआधी आमच्या डोक्यात पारितोषिक होतं. दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीला आईच्या नावानं बक्षीस. वही पाहिल्यावर ते मागे पडलं. तरीही मी थेट गणवेशावर उडी मारली नाही, मुख्याध्यापिका बाईंना विचारलं. ही तिसरी पायरी, आणि बहुतेक जण हीच गाळतात. आपल्याला काय द्यायचं आहे ते आपण सांगतो. तुम्हाला काय लागतं, कधी लागतं, हे विचारत नाही. एका वसतिगृहाच्या अधीक्षकांनी मला सांगितलेलं अजून आठवतं : पितृपक्षात त्यांच्या मुलांना पंधरा दिवस रोज कुणी ना कुणी श्रीखंड-पुरी, जिलबी पाठवतं, जूनमध्ये वह्या, चपला, छत्र्या घ्यायच्या असतात तेव्हा फोन वाजत नाही.

बाई म्हणाल्या, "सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत गणवेश मिळतो. तिथून आपल्याकडे नववीला येणाऱ्या मुलींचा प्रश्न असतो. नवा गणवेश लागतो आणि तो घरच्यांना विकत घ्यावा लागतो. पहिले पंधरा दिवस काही मुली जुन्याच कपड्यांत येतात नाहीतर येतच नाहीत." म्हणजे गरज नववीच्या मुलींची होती आणि जूनमध्ये शाळा सुरू होतानाची होती. हे मला घरी बसून कधीच कळलं नसतं. गणवेशाचं कापड आणि शिलाई मिळून एका मुलीमागे हजाराच्या आसपास खर्च, हेही त्यांनीच सांगितलं.

आता संस्था. आमची शाळा ओळखीची होती, तरी मी कागद मागितले, आणि कुणालाही वाईट वाटलं नाही. महाराष्ट्रातल्या धर्मादाय संस्थांची नोंदणी १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी क्रमांकाच्या आधी एक अक्षर असतं. 'ई' म्हणजे धर्मादाय न्यास, 'एफ' म्हणजे सोसायटी म्हणूनही नोंदलेली संस्था. शिक्षणसंस्था बऱ्याचदा 'एफ'मध्ये सापडतात. हा क्रमांक लेटरहेडवर आणि पावतीवर छापलेला असावा. दरवर्षीचे लेखापरीक्षण झालेले हिशेब आयुक्तांकडे भरावे लागतात. शेवटच्या दोन वर्षांचे पाहायला मागावेत. विश्वस्तांची नावं नोंदीला अद्ययावत आहेत का, हेही विचारावं. जुने विश्वस्त गेले, नवे आले, पण बदलाची नोंद झालेली नाही, अशा संस्था पुष्कळ असतात. तिथे पुढे सहीचे आणि बँकेचे घोळ होतात, आणि आपली ठेव त्यात अडकून पडते. आणखी एक : शाळेला म्हणून दिलेला पैसा बहुधा शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या नावानं जातो. संस्थेच्या पाच शाळा असतील तर कोणत्या शाळेसाठी ते नाव घालून लिहावं.

यापुढचा भाग आकड्यांचा आहे, आणि तो मी जरा सावकाश सांगणार आहे. रजिस्टरातल्या त्या पेन्सिलीच्या शेऱ्यांचं कारण इथेच आहे.

स्मृतिनिधीची नेहमीची पद्धत अशी : मूळ रक्कम कायम ठेवीत, तिला कुणी हात लावायचा नाही, दरवर्षी येणारं व्याज कामाला वापरायचं. संस्थेच्या भाषेत हा 'कॉर्पस' किंवा कायमनिधी. ऐकायला हे फार भक्कम वाटतं. पण त्यात दोन गोष्टी शांतपणे बदलत असतात. १९९०च्या दशकात बँका मुदत ठेवीवर दहा-बारा टक्के देत होत्या. आता सहा-सात टक्के मिळतात. त्या काळी कुणी ५,००० रुपये ठेवले असतील तर त्याला बारा टक्क्यांनी ६०० रुपये यायचे, आता साडेसहा टक्क्यांनी ३२५ येतात. आणि त्या ३२५ रुपयांत तेव्हाच्या ६०० रुपयांइतकं काही येत नाही, कारण मधल्या काळात महागाईही वाढली. दरसाल पाच टक्के महागाई धरली तर साधारण १४ वर्षांत रुपयाची किंमत निम्म्यावर येते. १९७१च्या ५०१ रुपयांचं काय होणार, ते उघड आहे. त्या माणसानं मनापासून दिलं होतं. त्याच्या ५०१ रुपयांची त्या वेळी किंमतही होती.

आमच्या दोन लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १३,००० रुपये व्याज येतं. ते सगळं खर्चलं तर आज तेरा मुलींचे गणवेश होतात. पण चौदा वर्षांनी तेवढ्याच १३,०००मध्ये सहा-सात मुलींचेच होतील. तेव्हा आईच्या एका शब्दानं मला वाट दाखवली. कपडा बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला शिंपी 'माया' म्हणतात. वाढत्या अंगाच्या मुलीच्या कपड्यात माया ठेवलीच पाहिजे, असा आईचा दंडक होता. कापड कितीही अपुरं असलं तरी ती हेममध्ये दोन बोटं माया धरायची. पुढच्या वर्षी उसवून लांबवता येतं. आम्ही निधीतही माया धरली. १३,०००पैकी १०,००० खर्चायचे, ३,००० पुन्हा ठेवीत टाकायचे.

तेवढ्यानं पुरतं का? नाही. दोन लाखांची ठेव ३,०००नं वाढली म्हणजे दीड टक्का वाढली. महागाई पाच टक्के. ठेवीनं महागाईबरोबर चालायचं तर ती दरवर्षी १०,०००नं वाढायला हवी. उरलेले ७,००० आम्ही तिघं मिळून आईच्या वाढदिवशी घालतो. तिघांत वाटून हा भार काहीच नाही. आणि यातून न ठरवता एक झालं : वर्षातून एकदा आम्ही तिघं आईविषयी बोलायला फोनवर एकत्र येतोच.

ज्यांच्या घरी पुढे कुणी भर घालणारं नाही, त्यांनी 'कायम' या शब्दाचा मोह धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी दुसरी पद्धत आहे : व्याज आणि मुद्दल दोन्ही ठरावीक वर्षांत संपवायचं. त्याच दोन लाखांतून, त्याच साडेसहा टक्क्यांनी, दहा वर्षं दरवर्षी सुमारे २७,८०० रुपये काढता येतात. दहाव्या वर्षी खातं रिकामं होतं. १३,०००च्या जागी २७,८००. दुपटीहून जास्त मुलींना, आणि रुपयाला जोर आहे तेव्हाच. दहा वर्षं भरघोस काम करून थांबलेला निधी मला रजिस्टरात पन्नास वर्षं नुसता पडून राहिलेल्या निधीपेक्षा बरा वाटतो. नाव किती वर्षं टिकलं, यापेक्षा किती मुलींच्या अंगावर वेळेत गणवेश आला ते मोजावं.

ठेव कुठे ठेवायची हेही ठरवून घ्यावं. कायमनिधी कुठे गुंतवायचा यावर प्राप्तिकर कायद्याची बंधनं आहेत. बँक, टपाल खातं, सरकारी रोखे अशा ठिकाणीच तो ठेवता येतो. जास्त व्याजाच्या आशेनं पतसंस्थेत ठेवायला सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. हे पाच लाखही संस्थेच्या त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून असतात, आपल्या एकट्या निधीपुरते नव्हेत. म्हणून मोठ्या संस्थांना ठेवी दोन-तीन बँकांत विभागायला सांगावं.

मग देणगीपत्र. हे वकिलाकडूनच करून घ्यायला हवं असं नाही. मी ते साध्या कागदावर, शुद्ध मराठीत, दीड पानात लिहिलं. दोन प्रती काढल्या. एकीवर संस्थेच्या अध्यक्षांची आणि मुख्याध्यापिकांची 'स्वीकारलं' म्हणून सही-शिक्का घेऊन माझ्याकडे ठेवली. पहिल्याच वाक्यात रक्कम आणि ती 'कायमनिधी म्हणून' देत असल्याचं स्पष्ट लिहिलं. ही लेखी सूचना नसेल तर संस्थेला ती कॉर्पस म्हणून धरता येत नाही, साधी देणगीच ठरते. बाबांच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. बक्षीस किंवा मदत रुपयांत न लिहिता वाट्यात लिहिली : 'व्याजाच्या चार भागांपैकी साधारण तीन भाग गणवेशासाठी, उरलेला ठेवीत'. किती मुली, ते त्या-त्या वर्षीच्या दरानुसार शाळा ठरवेल.

मुली कोण निवडणार, यावर घरात थोडी चर्चा झाली. धाकट्या भावाचं म्हणणं, आपण एकदा येऊन भेटू, बघू. मी नको म्हटलं. निवड मुख्याध्यापिका आणि नववीचे दोन वर्गशिक्षक करतात. त्यांना घराघरातलं माहीत असतं, आणि आपल्या नात्यातलं कुणी त्यात घुसायला नको हेही त्यामुळे आपोआप साधतं. वाटपाचा समारंभ, फोटो, मुलींच्या नावांचा फलक यांतलं काहीही होणार नाही, असं एक वाक्य मी मुद्दाम घातलं. आईनं तो गोल पेन्सिलीनं काढला होता, बारीक, कुणाला कळू नये म्हणून. चौदा वर्षांच्या मुलीला स्टेजवर बोलावून कापडाचा गठ्ठा हातात देणं, हे तिच्या नावानं मला होऊ द्यायचं नव्हतं. शाळेनं मार्ग काढला : जूनमध्ये वर्गातल्या सगळ्याच मुलींची मापं घेतात, आणि हिशेब कचेरीत होतो.

पत्रातलं शेवटचं कलम लिहिताना हात थोडा अडला. शाळा बंद पडली तर? किंवा उद्या सरकारनं दहावीपर्यंत गणवेश द्यायला सुरुवात केली तर? देणगीचा मूळ हेतू अशक्य झाला तर त्याच्या जवळात जवळच्या हेतूकडे पैसा वळवायचा, असं तत्त्व कायद्यात आहे. पण तिथपर्यंत जाण्यापेक्षा तो जवळचा हेतू आपणच लिहून ठेवलेला बरा. आम्ही लिहिलं : 'गणवेशाची गरज न उरल्यास याच शाळेतील मुलींच्या प्रवासाच्या पाससाठी, शाळाच न उरल्यास तालुक्यातील मुलींच्या कोणत्याही शाळेसाठी.' दरवर्षी जुलैअखेर एक पानाचा हिशेब पाठवावा, एवढं मागितलं. मुलींची नावं मागितली नाहीत.

नावाचंही लिहिते, कारण त्यावर माणसं उगाच दुखावली जातात. 'कै.', 'स्व.', 'दिवंगत' यांतलं काय लावायचं, पती हयात असताना गेली असेल तर 'सौ.' लिहायचं का, लग्नाआधीचं नाव घालायचं का, हे घरात आधी ठरवावं आणि पत्रात तसंच लिहून द्यावं. आमची आई शाळेत माहेरच्या नावानं शिकली आणि गणवेश सासरच्या नावानं शिवले. आम्ही दोन्ही नावं दिली. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या स्मरणार्थ त्याला १५ लाख रुपये दिले, आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. आज मुली 'एसएनडीटीला जाते' म्हणतात. त्या चार अक्षरांमागे कुणाची तरी आई आहे हे त्यांच्या मनात येत नसेलही, पण नाथीबाईंच्या नावाच्या दारातून शंभरहून अधिक वर्षं बायका शिकून बाहेर पडताहेत.

करसवलतीचं थोडक्यात सांगते. प्राप्तिकरातली ही तरतूद सगळे 'एटी-जी' म्हणून ओळखतात. १ एप्रिल २०२६पासून नवा कायदा आल्यावर कलमांचे क्रमांक बदलले, लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे. बहुतेक धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत, करपात्र उत्पन्नातून वजा होते. त्यासाठी संस्थेला तशी मान्यता हवी. रोख २,००० रुपयांहून जास्त दिले तर सवलत मिळत नाही. कपडे, धान्य, पुस्तकं अशा वस्तूरूपानं दिलेल्याला ती नसते, आणि कराची नवी पद्धत निवडलेल्यांनाही नसते. पावती पैसे देणाऱ्याच्या नावानं, त्याच्या पॅन क्रमांकासह घ्यावी. गेलेल्या माणसाचं नाव 'यांच्या स्मरणार्थ' म्हणून खाली येतं. मोठा भाऊ म्हणाला होता, "पावती आईच्या नावानंच घेऊ." भावना कळत होती, पण तशी पावती कुणाच्याच उपयोगाची नसते.

परदेशातल्या नातेवाइकांचा प्रश्न आमच्याकडेही आला. धाकटा भाऊ सिंगापूरला असतो, पासपोर्ट भारतीय. त्याचे पैसे चालले. मावसभावानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे. आईनं त्याच्या मुंजीचे कपडे शिवले होते, त्यालाही वाटा उचलायचा होता. पण परकीय नागरिकानं दिलेली देणगी, मग ती पुण्यातल्या बँक खात्यातून रुपयांत का दिलेली असेना, कायद्यानं विदेशी योगदान ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. आमच्या शाळेकडे ती नोंदणी नव्हती, त्याचे पैसे परत पाठवावे लागले. त्याला वाईट वाटलं, मलाही. मग त्यानं अशी नोंदणी असलेली दुसरी संस्था शोधून मुलींच्या शिक्षणासाठी तिकडे दिले, आणि पत्रात मावशीचं नाव लिहिलं. परदेशात कुणी असेल तर हे आधीच विचारून घ्यावं.

ज्यांना ठेव-निधी नको, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. स्मृतिदिनी रक्तदान शिबिर घ्यायची आपल्याकडे चांगली रीत पडली आहे. फक्त तारीख रक्तपेढीला विचारून ठरवावी. साठवलेलं रक्त ३५ ते ४२ दिवस टिकतं, त्यातल्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. एकाच आठवड्यात जिल्ह्यात दहा शिबिरं झाली तर काही पिशव्या वाया जाऊ शकतात. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात आणि लोक गावाला गेलेले असतात, तेव्हा पेढ्या देणाऱ्यांची वाट पाहत असतात. पुण्यतिथी ऑगस्टमध्ये असली तरी शिबिर मेमध्ये घेता येतं. आणि गेलेल्याची पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची असतील तर आधी यादी पाठवावी, पोती नेऊन टाकू नयेत. त्यांच्याकडे नसलेली पन्नास पुस्तकं त्यांना हवी असतात, उरलेली चारशे ठेवायला जागा नसते.

तिथी की तारीख, हाही वाद होतो. आईची तिथी वैशाखातली. तेव्हा शाळेला सुट्टी. शाळेच्या कामाला तिचा उपयोग नव्हता. तिथी घरी पाळतो; शाळेचं काम जूनच्या वेळापत्रकानं चालतं.

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी काही कागद द्यायला तिथे गेले होते. मधली सुट्टी झाली होती. नळावर तीन-चार मुली डबे धूत होत्या, सगळ्यांचे गणवेश नवे, इस्त्रीची घडी अजून न मोडलेली. कोणती कुणाची, ते मला कळायचं कारण नव्हतं. हेडक्लार्कनी शिवणाऱ्या बाईंचं बिल दाखवलं. आईच्या हाताखाली शिकलेली बाई आहे ती. बिलाखाली तिनं तिच्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं : 'दहा ड्रेस. हेममध्ये दोन बोटं माया ठेवली आहे. दहावीला उसवून द्यावे.'